ताण, पाणी आणि वाट पाहणे : बळ कमावण्याची वर्षांची पद्धत

काटोल-नरखेडच्या पट्ट्यात संत्र्याची बाग लावणारा शेतकरी जंबेरीच्या खुंटावर बांधलेली कलमे पावसाळ्यात लावतो आणि त्याच दिवशी मनाशी ठरवून टाकतो की, पहिली चार वर्षे या झाडांकडे काही मागायचे नाही. पाचव्या वर्षाच्या आसपास बहार धरायचा. तोपर्यंत झाडाभोवतीची आळी नीट ठेवायची, पाणसोट म्हणजे वाढखाऊ फुटवे काढायचे, बुंध्याला बोर्डो पेस्ट लावायची आणि उन्हाळ्यात झाडे जगवायची. हा हिशेब आपल्याकडे कोणाला समजावून सांगावा लागत नाही. मात्र त्याच घरातला तरुण नागपुरात येऊन जानेवारीत व्यायामशाळेत नाव घालतो आणि होळीपर्यंत दंडाचे स्नायू भरले नाहीत, तर येणे बंद करतो. गेली बारा वर्षे नागपूरच्या महाल भागातल्या एका जुन्या व्यायामशाळेत मी हे दरवर्षी पाहते आहे. सोडून जाणाऱ्यांमध्ये आळशी माणसे फार थोडी असतात. बहुतेकांना कोणी कालावधीच नीट सांगितलेला नसतो, आणि म्हणून जे काम पाच वर्षांचे आहे ते तीन महिन्यांच्या मापाने मोजून ते निराश होतात.

तालमीच्या भाषेत शरीर 'कमावतात' आणि रोजच्या व्यायामाला 'मेहनत' म्हणतात. हे दोन्ही शब्द मला फार अचूक वाटतात, कारण त्यांत काळ गृहीत धरलेला आहे. पुढे जे लिहिले आहे ते पाच-दहा वर्षे मेहनत चालू कशी ठेवावी याविषयी आहे. एका महिन्यात काय साधेल, हे विचारणाऱ्याच्या उपयोगाचे त्यात फारसे काही नाही.

शरीरात कोणती गोष्ट कधी बदलते

पहिल्या सहा ते आठ आठवड्यांत वजन उचलण्याची क्षमता झपाट्याने वाढते, आणि इथेच बहुतेकांची पहिली फसगत होते. या काळात स्नायूंचा आकार फारसा वाढलेला नसतो. मेंदू आणि मज्जातंतू असलेल्याच स्नायूंकडून अधिक काम करून घ्यायला शिकतात, एकाच वेळी अधिक तंतू कामाला लावतात आणि हालचालीतला अडखळलेपणा जातो. ही वाढ खरीच असते, पण ती शिकण्याची वाढ असते, आणि शिकणे पूर्ण होत आले की तिचा वेग कमी होतो. नेमक्या त्याच सुमारास, म्हणजे दोन-तीन महिन्यांनी, स्नायूंचा आकार आरशात कळण्याइतका बदलू लागतो. मात्र तो इतका सावकाश बदलतो की रोज पाहणाऱ्याला दिसत नाही. आकडा थांबला आणि आरसाही काही बोलत नाही, असा हा मधला काळ तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात येतो. तो येणार हे आधीच माहीत असेल, तर त्याची भीती वाटत नाही.

स्नायूंपेक्षाही सावकाश चालणारी आणखी एक गोष्ट आहे. स्नायूंना हाडांशी जोडणारे स्नायुबंध, ज्यांना व्यायामशाळेत सगळे 'टेंडन' म्हणतात, त्यांना रक्ताचा पुरवठा कमी असतो. भाराला सरावायला त्यांना स्नायूंपेक्षा कितीतरी अधिक वेळ लागतो. म्हणजे मांडीत बळ आलेले असते, पण गुडघ्याखालची ती पट्टी अजून तयार झालेली नसते. वजन वाढवण्याचा वेग या सर्वांत सावकाश घटकावरून ठरवायचा असतो.

हे मी पुस्तकात वाचण्याआधी गुडघ्यातून शिकले. वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी सुरुवात केली तेव्हा पहिले वर्ष उत्तम गेले. दुसऱ्या वर्षी घर बदलल्यामुळे मी दुसऱ्या एका जिममध्ये जाऊ लागले. तिथल्या प्रशिक्षकाने 'तुमच्यात ताकद आहे, उगाच घाबरता' असे म्हणत माझा स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर रॉड घेऊन बसून उठणे, तीन आठवड्यांत ४० किलोवरून ५५ किलोवर नेला. वजन उचलले गेले, त्यामुळे मलाही ते खरे वाटले. चौथ्या आठवड्यात जिना उतरताना वाटीच्या खाली टाचणी टोचावी तसे दुखू लागले आणि पुढचे पाच महिने मी रिकामा रॉडही खांद्यावर घेऊ शकले नाही. वाढवलेले १५ किलो आणि गेलेले पाच महिने यांचा हिशेब मी आजही नवीन येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

सुरुवात आणि पुढचे पाऊल

आठवड्यातून तीन दिवस पुरतात. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी स्नायूंच्या व्यायामाचे किमान दोन दिवस सांगितले आहेत, त्यामुळे ज्याला खरोखर वेळ नाही त्याने दोन दिवस धरावेत. पण ते दोन दिवस वर्षभर पाळावेत. प्रत्येक दिवशी चार प्रकारच्या हालचाली असाव्यात. एक बसून उठण्याची, म्हणजे स्क्वॉट किंवा बैठक. एक जमिनीवरून उचलण्याची, म्हणजे डेडलिफ्ट. एक ढकलण्याची, त्यात जोर, बेंच प्रेस (बाकावर उताणे पडून रॉड वर ढकलणे) किंवा डोक्यावर वजन नेणे. आणि एक ओढण्याची, ज्यात पुल-अप किंवा वाकून रॉड पोटाकडे ओढणे येते. प्रत्येकी तीन सेट म्हणजे फेऱ्या, सेटमध्ये पाच ते दहा आवर्तने, म्हणजे तीच हालचाल तितक्या वेळा, आणि जड सेटनंतर दोन ते तीन मिनिटे विश्रांती एवढे पहिल्या वर्षाला पुष्कळ झाले. दंडाचे आणि पोटऱ्यांचे वेगळे व्यायाम करावेसे वाटले तर शेवटी करावेत. मी त्यांच्यावर फार शब्द खर्च करत नाही.

प्रत्येक सेट संपताना आणखी दोन आवर्तने झाली असती, असे वाटले पाहिजे. हे नवशिक्यांना पटवणे सर्वांत कठीण जाते, कारण थरथरत, ओरडत, कोणाच्या तरी आधाराने काढलेले शेवटचे आवर्तन म्हणजेच खरी मेहनत अशी समजूत घट्ट बसलेली आहे. तसे आवर्तन क्वचित काढण्यास हरकत नाही, पण रोज काढले तर ढब बिघडते, सांधे कुरकुरतात आणि परवाची मेहनत आजच खर्च होते.

आता वजन कधी वाढवायचे? ठरलेल्या वजनावर तिन्ही सेटमधली सर्व आवर्तने, ढब न बिघडता, लागोपाठ दोन दिवस पूर्ण झाली की लहानात लहान टप्प्याने वाढवावे. बहुतेक व्यायामशाळांत सर्वांत लहान प्लेट सव्वा किलोची असते, म्हणजे दोन्ही बाजूंना मिळून अडीच किलो. हात आणि खांद्यांच्या व्यायामाला हा टप्पासुद्धा मोठा पडतो, तेव्हा अर्ध्या किलोच्या दोन प्लेट स्वतःच्या विकत घेऊन पिशवीत ठेवाव्यात. माझ्या सर्व साहित्यात या दोन प्लेट मला सर्वांत मोलाच्या वाटतात. हिशेब करून पाहा. वीस किलोच्या रिकाम्या रॉडपासून सुरुवात करून महिन्याला केवळ अडीच किलो वाढवले, तरी वर्षाअखेरीस स्क्वॉट ५० किलोवर जातो. ज्या बाईने आयुष्यात गॅसचे सिलिंडरसुद्धा एकटीने हलवलेले नाही, तिच्यासाठी हे फार मोठे अंतर आहे. हा वेग दुसऱ्या वर्षी टिकत नाही, तिसऱ्या वर्षी त्याहूनही कमी होतो. पुढे तर वर्षभरात पाच किलो वाढले तरी समाधान मानावे लागते, आणि तसे समाधान मानणे योग्यच असते.

यासाठी वही हवी. मोबाइलमध्येही नोंद ठेवता येते, पण माझा अनुभव असा की वहीची पाने उलटून मागे जाता येते तसे मोबाइलमध्ये कोणी जात नाही. ओळ साधी असावी : '१४ जानेवारी, स्क्वॉट, ३२.५ किलो, ५-५-४, झोप कमी.' शेवटच्या दोन शब्दांना फार महत्त्व आहे, कारण सहा महिन्यांनी कळते की जे दिवस वाईट गेले त्यांतले बहुसंख्य दिवस 'झोप कमी' किंवा 'जेवण झाले नाही' या शेऱ्याचे होते. वजनकाट्यावरचा आकडा रोज वर-खाली होतो, म्हणून आठवड्याची सरासरी लिहावी. दंड, छाती, कंबर आणि मांडी यांचे माप शिंप्याच्या टेपने तीन महिन्यांतून एकदाच घ्यावे. त्याहून वारंवार घेतलेले माप मनाला फक्त त्रास देते.

व्यायामशाळा नसली तरी पद्धत हीच राहते. माझ्या शेजारच्या काकू अडुसष्ट वर्षांच्या असताना त्यांना खुर्चीतून उठण्यासाठी दोन्ही हात गुडघ्यांवर दाबावे लागत. डॉक्टरांची परवानगी घेऊन आम्ही जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवर दोन उशा ठेवल्या आणि त्या उंचीवरून, हात छातीशी घेऊन, पाच वेळा उठायचे ठरवले. दोन महिने दोन उशा होत्या. मग आठ आवर्तने सहज होऊ लागली तेव्हा एक उशी काढली, आणि पहिल्याच दिवशी काकूंच्या पायांची थरथर पाहून मी ती परत ठेवणार होते. त्यांनीच हात आडवा केला. पाचव्या महिन्यात दुसरी उशी गेली. पुढे त्यांनी एक किलो तांदळाची पिशवी छातीशी धरून उठायला सुरुवात केली, नंतर दोन किलोची, आणि चौदाव्या महिन्यात एका लग्नात त्या पंगतीला खाली बसल्या आणि कोणाचा हात न धरता उठल्या. तिशीनंतर स्नायू हळूहळू कमी होत जातात आणि साठीनंतर तो वेग वाढतो, हे शास्त्र खरे आहे. पण उतारवयातही भार दिला की स्नायू प्रतिसाद देतात, हेही तितकेच खरे आहे.

नागपूरचे वर्ष

परदेशी वेळापत्रके बारा आठवड्यांची असतात आणि त्यांत मे महिना नसतो. आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, रात्रीही भिंती तापलेल्या असतात, कुलरसमोर झोपूनही अंग निवत नाही, आणि मग माणूस वाढ थांबली म्हणून स्वतःला दोष देतो. त्याऐवजी वर्षाचीच आखणी ऋतूप्रमाणे करावी. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत चढाईचा काळ समजावा. थंडीत भूक चांगली लागते, झोप गाढ लागते आणि वर्षभराची खरी वाढ या चार महिन्यांत पदरात पडते. लग्नसराई याच दिवसांत असते, म्हणून आठवड्याचे तीन दिवस सोयीप्रमाणे मागेपुढे करावेत, पण मोडू नयेत.

मार्चपासून पाऊस येईपर्यंत राखण करावी. पहाटे साडेपाचला मेहनत सुरू करावी, सेट निम्मे करावेत, मात्र रॉडवरचे वजन शक्यतो तेच ठेवावे. कमावलेले बळ टिकवायला ते कमावण्याच्या मानाने फार थोडे काम पुरते, अट इतकीच की भार हलका होऊ नये. २५ मेच्या सुमारास सुरू होणाऱ्या नवतपात, म्हणजे कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, मी स्वतः आठवड्यातून दोनच दिवस, प्रत्येक हालचालीचा एकेक सेट करते. पाण्याबरोबर मीठ घातलेले ताक किंवा कैरीचे पन्हे घ्यावे. जुलैपासून सेट पूर्ववत करून पुन्हा हळूहळू वर जावे. पोळा, मारबत, गणपती, नवरात्र यांच्या गर्दीत आठवडा गेला तर जाऊ द्यावा, आणि दिवाळीचे आठ दिवस तर ठरवूनच सुट्टी घ्यावी.

उन्हाळ्याच्या संदर्भात एक गोष्ट गंभीरपणे सांगितली पाहिजे. विदर्भात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण लक्षणीय आहे, आणि अनेकांना आपण वाहक आहोत हे माहीत नसते. एरवी वाहकाला सहसा त्रास होत नाही, पण उष्णतेत, पाणी कमी पडलेले असताना, दमछाक होईपर्यंत केलेला व्यायाम त्याच्या जिवावर बेतू शकतो. रक्ताची तपासणी करून घ्यावी. वाहक असल्यास व्यायाम सोडण्याचे कारण नाही, परंतु सुरुवात इतरांहून हळू करावी, सेटमधली विश्रांती वाढवावी आणि उन्हात स्पर्धा लावू नये. प्रत्यक्ष सिकलसेलचा आजार असेल, तसेच रक्तदाब, हृदयविकार, हर्निया किंवा गर्भारपण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातले काहीही करू नये.

खुराक

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने सर्वसाधारण प्रौढासाठी शरीराच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने सांगितली आहेत. वजन उचलून स्नायू वाढवायचे असतील, तर १.६ ग्रॅमपर्यंत घेतल्याने फायदा होतो, त्यापलीकडे तो फारसा वाढत नाही. म्हणजे ६० किलोच्या माणसाला साधारण ९५ ग्रॅम. शाकाहारी घरात हे जमत नाही असे ऐकते तेव्हा मी ताट मांडून दाखवते : सोयाबीनच्या वड्या कोरड्या ५० ग्रॅम घेतल्या की २६ ग्रॅम प्रथिने, दिवसभराच्या वरणाची तूरडाळ ६० ग्रॅम धरली तर १३, अर्धा लिटर दूध १६, मूठभर फुटाणे म्हणजे ५० ग्रॅमचे १०, मोठी वाटीभर दही ७, आणि पोळ्या-भाकरींतून १५ च्या आसपास. इथेच ८५ च्या पुढे गेलो, आणि बरबटीची (चवळीची) उसळ किंवा थोडे पनीर आले की काम झाले. अंडी खाणाऱ्याला प्रत्येक अंड्यात सहा ग्रॅम मिळतात. सावजीचे मटण रविवारी आनंदाने खावे, पण त्यातल्या तर्रीला खुराक समजू नये. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे.

प्रथिनांची पावडर हे अन्नच आहे. ती सोयीची आहे, आवश्यक नाही. घ्यायचीच तर डब्यावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी परवाना क्रमांक पाहून घ्यावी. क्रिएटिन मोनोहायड्रेट ही पूरक पावडर दिवसाला ३ ते ५ ग्रॅम घेतल्याने थोडा उपयोग होतो. इंजेक्शनांच्या बाबतीत मात्र माझे मत ठाम आहे. तीन महिन्यांत शरीर देतो म्हणणारा माणूस बहुधा स्टेरॉइड विकत असतो. स्टेरॉइडने स्नायू वाढतात हे खोटे नाही, पण हृदय आणि यकृत यांवर परिणाम होतो, पुरुषांत शरीराची स्वतःची टेस्टोस्टेरॉननिर्मिती दबते आणि मूल होण्यात अडचण येऊ शकते. विशीतल्या मुलांनी आई-वडिलांपासून लपवून हे घेतलेले मी पाहिले आहे आणि त्या प्रत्येक वेळी मला फार वाईट वाटले आहे. त्यांना घाई कशाची आहे, हे त्यांना शांतपणे बसवून विचारणारे कोणीतरी हवे होते.

ताण आणि ताण तोडणे

संत्र्याचा आंबिया बहार धरताना झाडाला डिसेंबर-जानेवारीत पाणी तोडून ताण देतात. हलक्या जमिनीत तो कमी दिवस पुरतो, भारी जमिनीत अधिक द्यावा लागतो. मर्यादेबाहेर गेला तर पाने गळून झाड खचते. फुले येतात ती ताण तोडल्यावर, पाणी आणि खत मिळाल्यावर. व्यायामाचेही असेच आहे. स्नायूंना रॉडखाली ताण मिळतो आणि ते भरतात नंतरच्या दोन दिवसांत, अन्नावर आणि सात-आठ तासांच्या झोपेवर. रात्री एकपर्यंत मोबाइल पाहून पहाटे पाचला व्यायामशाळेत येणाऱ्याच्या जिद्दीचे मला कौतुक वाटत नाही. सहा ते आठ आठवडे चढते काम झाले की एक आठवडा सेट निम्म्यावर आणावेत. कोणाला किती ताण सोसतो हे वय, नोकरी आणि घरची जबाबदारी पाहून ठरते, म्हणून दुसऱ्याची वही उतरवून घेण्यात अर्थ नाही.

कुस्तीगीर खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सहावे आले होते आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवले. त्या दोन तारखांच्या मध्ये चार वर्षे आहेत, आणि त्या चार वर्षांत रोज सकाळी टाळ्या वाजवायला कोणी उभे नव्हते. आपल्याला पदक मिळवायचे नाही, पण चार वर्षांचा एक घास घ्यायची सवय आपणही करू शकतो. वहीच्या पहिल्या पानावर आजचे वजन आणि तारीख लिहावी आणि त्याखाली चार वर्षांनंतरची तारीख लिहून पुढची जागा रिकामी ठेवावी.

खंड पडल्यावर

या चार वर्षांत खंड पडणारच. टायफॉइड होईल, बदली होईल, घरात कोणी आजारी पडेल. दोन-तीन आठवड्यांच्या खंडाने बळ फारसे जात नाही, हे आधी लक्षात घ्यावे. काही महिन्यांच्या खंडात ते उतरते, परंतु एकदा कमावलेला स्नायू परत यायला पहिल्यापेक्षा पुष्कळ कमी वेळ लागतो. धोका वेगळाच असतो. माणूस परत येतो तो जुन्या आकड्याची आठवण घेऊन, आणि पहिल्याच दिवशी तो आकडा रॉडवर चढवतो. ताण तोडताना बागेला पहिले पाणी हलके देतात, तसेच इथेही करावे. महिनाभराच्या खंडानंतर पहिल्या आठवड्यात जुन्या वजनाच्या निम्मे, प्रत्येक हालचालीचे दोनच सेट. दुसऱ्या आठवड्यात पाऊण वजन. तिसऱ्या आठवड्यात तिन्ही सेट. आणि अंग दुखत नसेल तर चौथ्या-पाचव्या आठवड्यात जुना आकडा. खंड सहा महिन्यांचा असेल तर रिकाम्या रॉडपासून सुरू करावे आणि दर आठवड्याला पाच किलो वाढवत यावे. वहीत कोरे राहिलेले दिवस भरून काढू नयेत आणि नवी वहीही घेऊ नये. त्याच पानावर, शेवटच्या नोंदीच्या खालच्या ओळीत, आजची तारीख घालून पुढे लिहावे.